खुर्ची रिकामी होते तेव्हा : समाजवादी राज्यातला उपराष्ट्रपती

‘समाजवादी राज्य’ म्हणजे नेमकं काय, हे पाहायचं असेल तर बल्लारपुरात यावं. वर्धा नदीच्या पल्याड सास्ती, धोपटाळ्याच्या कोळसा खाणी वेकोलिच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कंपनीच्या. सागवानाचे ढीग वनविभागाच्या आणि वनविकास महामंडळाच्या डेपोत. बल्लारशा जंक्शन रेल्वेचं. बाजारातल्या मोठ्या बँका बहुतेक राष्ट्रीयीकृत. गावाचं नाव ज्या पेपर मिलमुळे सर्वदूर गेलं ती १९४५ साली स्थापन झालेली मिल मात्र पहिल्यापासून खासगी, आणि तिचा बांबू सरकारी जंगलातला. सरकारी मालकी आणि खासगी उद्योग एकाच गावात असे हातात हात घालून उभे आहेत. भारताच्या संविधानाची उद्देशिका देशाला ‘समाजवादी’ म्हणते ती याच अर्थानं.

ही व्यवस्था ज्या कायद्यांनी घडवली त्यांतला सर्वांत गाजलेला कायदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा. १९६९ साली आधी त्याचा वटहुकूम निघाला, मग संसदेनं कायदा केला. दोन्हींवर राष्ट्रपतीची सही लागते, आणि ती झालीही. पण त्या दोन्ही दिवशी देशाला निवडून आलेला राष्ट्रपती नव्हता. वटहुकुमावर सही केली ती राष्ट्रपतीचं काम पाहणाऱ्या उपराष्ट्रपतींनी. कायद्यावर सही केली ती सरन्यायाधीशांनी, आणि ते सरन्यायाधीश नागपूरच्या हायकोर्टात घडलेले वकील होते. पुढे तेच देशाचे उपराष्ट्रपती झाले.

उपराष्ट्रपतिपद शोभेचं आहे असा समज सर्वत्र आहे. त्या दोन सह्यांची हकिगत नीट पाहिली की तो समज टिकत नाही.

पद कशासाठी?

संविधानाचं ६३वं कलम एका ओळीत सांगतं की भारताला एक उपराष्ट्रपती असेल. त्याला कामं दोन. ६४व्या कलमानुसार तो राज्यसभेचा पदसिद्ध सभापती असतो. ६५व्या कलमानुसार राष्ट्रपतीचा मृत्यू झाला, त्यानं राजीनामा दिला, त्याला पदावरून दूर केलं किंवा तो आजारपणामुळे, गैरहजेरीमुळे वा अन्य कारणानं काम करू शकत नसेल, तर उपराष्ट्रपती राष्ट्रपतीचं काम पाहतो. तेवढा काळ त्यानं राज्यसभेच्या आसनावर बसायचं नसतं.

त्याची निवड लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांचे सदस्य करतात. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आमदार मत देतात, या निवडणुकीत देत नाहीत. म्हणजे बल्लारपूरच्या आमदाराला राष्ट्रपती निवडताना मत आहे, उपराष्ट्रपती निवडताना नाही. वयाची अट ३५ वर्षं, मुदत ५ वर्षं. पगाराची तरतूदही बोलकी आहे. उपराष्ट्रपती म्हणून त्याला वेतन नाही, वेतन मिळतं ते राज्यसभेचा सभापती म्हणून. २०१८ सालापासून ते महिना ४ लाख रुपये आहे. सभागृहात मत द्यायचं ते फक्त दोन्ही बाजूंची मतं समसमान झाली तर.

एवढं वाचलं की पद किरकोळ वाटतं. रोजच्या दिवसांचा हिशेब केला तर ते तसं आहेही. त्याचं मोल कळतं ते वरची खुर्ची अचानक रिकामी होते त्या दिवशी.

१९६९ चा उन्हाळा

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं निधन झालं. राष्ट्रपती पदावर असताना वारला, असं स्वतंत्र भारतात प्रथमच घडलं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी त्याच दिवशी हंगामी राष्ट्रपती म्हणून सूत्रं घेतली. ६२व्या कलमानं सहा महिन्यांत नवा राष्ट्रपती निवडणं बंधनकारक होतं.

त्या वेळी लक्षात आलं की संविधानानं एकच पायरी स्पष्ट लिहिली आहे. उपराष्ट्रपतीही नसेल तर काय, याचं उत्तर ठरवणं त्यानं ७०व्या कलमानं संसदेवर सोपवलं होतं, आणि संसदेनं ते १९ वर्षं ठरवलंच नव्हतं. मग २८ मे १९६९ रोजी कायदा झाला : राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती ही दोन्ही पदं रिकामी असतील तर सरन्यायाधीश राष्ट्रपतीचं काम पाहील, आणि सरन्यायाधीशही नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा ज्येष्ठतम न्यायाधीश.

दोन महिने व्हायच्या आत हा कायदा कामाला आला. काँग्रेसमधली फूट तेव्हा उघड होत होती. पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, तर गिरी स्वतंत्रपणे राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. १९ जुलै १९६९ रोजी ५० कोटी रुपयांहून अधिक ठेवी असलेल्या १४ बँका सरकारनं ताब्यात घेतल्या, त्या वटहुकुमावर गिरींनी सही केली आणि दुसऱ्या दिवशी पद सोडलं. त्यातही एक पेच होता. उपराष्ट्रपतीनं राजीनामा राष्ट्रपतीला उद्देशून द्यायचा असतो, आणि राष्ट्रपतीचं काम तर तेव्हा स्वतः गिरीच पाहत होते.

२० जुलै १९६९ रोजी देशाला राष्ट्रपती नव्हता आणि उपराष्ट्रपतीही नव्हता. तरी राज्यकारभार एक दिवसही अडला नाही. सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी त्या नव्या कायद्यानुसार हंगामी राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली. ३१ जुलैला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन भारतात आले, त्यांचं यजमानपद हिदायतुल्लांकडे होतं. ९ ऑगस्टला बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याला त्यांनी मंजुरी दिली. २४ ऑगस्टला गिरी निवडून आलेले राष्ट्रपती म्हणून परतले आणि हिदायतुल्ला आपल्या न्यायालयात परत गेले.

नागपूरचा वकील

हिदायतुल्लांचं नाव विदर्भानं आपलं म्हणून लक्षात ठेवायला हवं. शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आणि मग केंब्रिजला. १९३० साली त्यांनी नागपुरात वकिली सुरू केली. १९३१ ते १९३३ या काळात ते नागपूरच्या नगरपालिकेवर सदस्य होते, म्हणजे लोकांच्या नळ-रस्त्यांच्या तक्रारींपासून त्यांचं सार्वजनिक जीवन सुरू झालं. १९४३ साली ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे महाधिवक्ता झाले, १९४६ साली नागपूर हायकोर्टाचे न्यायाधीश आणि १९५४ साली त्याच हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश. तेव्हा चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, नागपूर हायकोर्टाच्याच कक्षेत होता. बल्लारपूर, राजुरा या भागांपैकी राजुरा निजामाच्या राज्यात होतं, पण नदीच्या अलीकडच्या बल्लारपूरच्या माणसाचा जमिनीचा वा फौजदारी खटला वरच्या न्यायालयात गेला तर तो या नागपूरच्या कोर्टापुढेच जायचा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि हिदायतुल्ला मध्य प्रदेशचे मुख्य न्यायाधीश झाले. १९५८ साली ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६८ साली सरन्यायाधीश झाले.

१० फेब्रुवारी १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांच्या पीठानं बँक राष्ट्रीयीकरणाचा तो कायदा रद्द ठरवला. सरन्यायाधीश असूनही हिदायतुल्ला त्या पीठावर नव्हते. ज्या कायद्याला त्यांनीच मंजुरी दिली होती त्याचा न्याय त्यांनी करायचा नव्हता. सरकारनं चारच दिवसांत नवा वटहुकूम काढून राष्ट्रीयीकरण कायम केलं.

१९७९ साली ते बिनविरोध उपराष्ट्रपती झाले. सरन्यायाधीश, हंगामी राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती ही तिन्ही पदं भूषवलेला भारतात दुसरा माणूस नाही. १९८४ पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत राज्यसभेच्या आसनासमोरून जे कायदे गेले त्यांतले काही या जंगलपट्टीचं भवितव्य ठरवणारे होते. १९८० साली आणखी ६ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्याच वर्षी वन संवर्धन कायदा आला : वनजमीन दुसऱ्या कामासाठी वापरायची तर केंद्राची पूर्वपरवानगी घ्यावी लागेल. चंद्रपूर आणि गडचिरोलीतली धरणं, खाणी आणि रस्ते यांची गती पुढची चाळीस वर्षं या कायद्यानं बांधली आणि इथलं जंगलही त्यानंच बऱ्याच अंशी राखलं. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच ऑक्टोबरात राष्ट्रपती झैलसिंग उपचारांसाठी अमेरिकेत गेले असताना हिदायतुल्लांनी पुन्हा एकदा राष्ट्रपतीचं काम पाहिलं. १९६९ साली सरन्यायाधीश या नात्यानं, १९८२ साली उपराष्ट्रपती या नात्यानं.

सह्यांचा परिणाम

१९६९ च्या मध्याला देशभरात बँकांच्या शाखा सुमारे ८ हजार २०० होत्या. १९८० पर्यंत त्या ३२ हजारांवर गेल्या. डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना आली आणि प्रत्येक जिल्हा एकेका बँकेच्या जबाबदारीवर दिला गेला. चंद्रपूर आणि पुढे गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे, आणि ती १९६९ च्या त्या १४ बँकांपैकीच एक. १ मे १९७३ रोजी कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ साली नागपूरला मुख्यालय असलेली वेकोलि स्थापन झाली. खाणीतल्या मजुराला ठरावीक वेतन आणि बँकेचं खातं मिळालं ते याच काळात. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचे मोबदल्याचे आणि नोकरीचे प्रश्नही याच काळात सुरू झाले, आणि ते सगळे अजून मिटलेले नाहीत. समाजवादी राज्यानं या भागाला काय दिलं आणि काय घेतलं, हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे.

उद्देशिकेतला शब्द आणि राज्यसभेचं आसन

संविधान सभेत के. टी. शहा यांनी भारताला घटनेतच ‘समाजवादी’ म्हणावं अशी सूचना केली होती. नोव्हेंबर १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावं, घटनेनं त्यांचे हात बांधू नयेत, ही त्यांची भूमिका होती. आर्थिक न्यायाची दिशा मार्गदर्शक तत्त्वांत आधीच दिली आहे, हेही त्यांनी दाखवून दिलं.

तो शब्द आला आणीबाणीत, ४२व्या घटनादुरुस्तीनं. ३ जानेवारी १९७७ पासून उद्देशिकेतला बदल लागू झाला. सहा आठवड्यांच्या आत, ११ फेब्रुवारीला राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांचं निधन झालं आणि खुर्ची पुन्हा रिकामी झाली. या वेळी उपराष्ट्रपती होते बसप्पा दानप्पा जत्ती. ते जमखंडीजवळच्या सावळगीचे. पटवर्धनांचं जमखंडी संस्थान मराठी-कानडी सीमेवरचं, आणि जत्तींनी कायद्याचं शिक्षण घेतलं ते कोल्हापुरात. भारत अधिकृतपणे ‘समाजवादी’ झाल्यानंतरचा हा पहिला हंगामी राष्ट्रपती.

जत्तींच्या वाट्याला आणीबाणीनंतरची निवडणूक आली, सत्तांतर आलं, आणि २४ मार्च १९७७ रोजी मोरारजी देसाई यांना शपथ देण्याचं काम आलं. एप्रिलमध्ये नव्या सरकारनं नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याची शिफारस केली. जत्तींनी लगेच सही केली नाही. सर्वोच्च न्यायालयानं राज्यांचे दावे २९ एप्रिलला फेटाळले होते, तरी त्यांनी एक दिवस घेतला आणि ३० एप्रिलला सही केली. हंगामी माणसानं मंत्रिमंडळाचा सल्ला अडवावा का, यावर तेव्हा देशभर वाद झाला. त्या वादानंच दाखवून दिलं की सही होईपर्यंत सगळा देश एका ‘उप’ माणसाच्या टेबलाकडे पाहत होता.

पुढच्याच वर्षी जनता सरकारनं घटनादुरुस्ती विधेयकात ‘समाजवादी’ची व्याख्या घालण्याचा प्रयत्न केला : सामाजिक, राजकीय आणि आर्थिक अशा सर्व शोषणापासून मुक्त. लोकसभेनं ती मान्य केली, राज्यसभेनं १९७८ साली फेटाळली. त्या राज्यसभेचे सभापती जत्तीच होते. मग व्याख्या न्यायालयांच्या निकालांतून घडत गेली. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हा शब्द काढून टाकण्याची मागणी फेटाळली आणि सांगितलं की भारतात त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य आणि संधीची समानता असा आहे, खासगी उद्योगाला त्यानं मज्जाव होत नाही.

व्हिएतनाम, चीन, सोव्हिएत संघ

कम्युनिस्ट पक्षाची एकहाती सत्ता असलेल्या समाजवादी राज्यांत हेच पद कसं वागलं, हे पाहिलं की आपल्या तरतुदींचं मोल कळतं.

व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह यांचं निधन २ सप्टेंबर १९६९ रोजी, म्हणजे आपल्याकडे गिरी राष्ट्रपती झाल्यावर नऊ दिवसांनी झालं. देश युद्धात होता. ८१ वर्षांचे उपाध्यक्ष तोन डुक थांग पुढे आले आणि त्याच महिन्यात अध्यक्ष झाले. १९९२ पासून तिथे उपाध्यक्षपदावर सातत्यानं स्त्रियाच आल्या आहेत. पहिल्या न्गुयेन थी बिन्ह, १९७३ च्या पॅरिस शांतता करारावर सही करणाऱ्या. २०१८ साली अध्यक्ष त्रान दाई क्वांग वारले तेव्हा डांग थी न्गोक थिन्ह हंगामी अध्यक्ष झाल्या. पुढे २०२३ आणि २०२४ साली अध्यक्षांनी पदं सोडली तेव्हा दोन्ही वेळा व्हो थी आन्ह झुआन यांनी काम पाहिलं. खरी सूत्रं पक्षाच्या सरचिटणीसाकडे असतात, तरी सही कोणी करायची याबद्दल तिथे संदिग्धता राहिली नाही.

चीनची गोष्ट उलटी. १९५४ च्या घटनेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोन्ही होते. सांस्कृतिक क्रांतीत अध्यक्ष ल्यू शावची यांना पदच्युत करून कोंडून ठेवलं गेलं, १९६९ च्या नोव्हेंबरात ते त्या अवस्थेतच मेले. सोंग छिंगलिंग आणि तोंग पिवू हे उपाध्यक्ष हयात होते. तरी काही वर्षं अध्यक्षाची खुर्ची कोणीच भरली नाही. १९७२ साली तोंग पिवू हंगामी अध्यक्ष झाले आणि १९७५ च्या घटनेनं दोन्ही पदंच रद्द केली. १९८२ च्या घटनेनं ती परत आणली, किमान वय ४५ ठेवलं. १९९३ ते १९९८ या काळात उद्योगपती रोंग यीरेन उपाध्यक्ष होते, आर्थिक सुधारणांची खूण म्हणून. त्यांच्यानंतरचे हू चिंताव आणि २००८ ते २०१३ या काळातले शी चिनपिंग हे दोघेही पुढे अध्यक्ष झाले. उपाध्यक्षपद पायरी ठरतं की मानाचं पान, हे तिथे पक्ष ठरवतो.

सोव्हिएत संघात हे पद डिसेंबर १९९० मध्ये गेनादी यानायेव यांच्या निवडीनं अस्तित्वात आलं. १९ ऑगस्ट १९९१ रोजी अध्यक्ष गोर्बाचोव्ह आजारी आहेत असं सांगून यानायेवनी त्यांचे अधिकार आपल्याकडे घेतले. गोर्बाचोव्ह आजारी नव्हते, क्रिमियात अडकवून ठेवलेले होते. बंड तीन दिवसांत कोसळलं, आणि वर्ष संपता संपता देशही.

तिन्ही ठिकाणी नियम कागदावर होता. व्हिएतनाममध्ये तो पाळला गेला, चीनमध्ये बाजूला ठेवला गेला, सोव्हिएत संघात बंडाचं हत्यार बनला. अध्यक्ष काम करू शकत नाही हे कोण ठरवणार, नवी निवडणूक कधी होणार, सही करणाऱ्याला न्यायालयात प्रश्न विचारता येणार का, यांची उत्तरं भक्कम असतील तरच तो नियम जनतेच्या उपयोगाचा. भारतात १९६९ साली सही हंगामी माणसाची होती म्हणून न्यायालय गप्प बसलं नाही, त्यानं सहा महिन्यांनी तो कायदा रद्दही केला. राज्य समाजवादी आहे की नाही, यापेक्षा हे प्रश्न विचारण्याची सोय आहे की नाही याला मी जास्त महत्त्व देतो.

अजून उरलेल्या फटी

आपल्याकडेही सगळं पक्कं झालेलं नाही. राष्ट्रपतिपद रिकामं झालं तर सहा महिन्यांची मुदत आहे, पण उपराष्ट्रपतिपद रिकामं झालं तर घटना फक्त ‘शक्य तितक्या लवकर’ निवडणूक घ्या एवढंच सांगते. २७ जुलै २००२ रोजी कृष्णकांत यांचं पदावर असताना निधन झालं. १२ ऑगस्टच्या निवडणुकीत भैरोसिंह शेखावत ४५४ मतं मिळवून निवडून आले, सोलापूरच्या सुशीलकुमार शिंदे यांना ३०५ मतं मिळाली. २१ जुलै २०२५ रोजी जगदीप धनखड यांनी पाच वर्षांपैकी तिसरं वर्ष संपत असताना राजीनामा दिला, आणि ९ सप्टेंबरला महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन ४५२ मतं मिळवून निवडून आले. दोन्ही वेळा निवडणूक लवकर झाली, पण ती लवकर व्हावी याची खात्री कायद्यात नाही. राष्ट्रपतिपदाला लावलेली सहा महिन्यांची मुदत उपराष्ट्रपतिपदालाही लावायला हवी.

हा प्रश्न फक्त दिल्लीचा नाही. नगर परिषदेला उपाध्यक्ष असतो, जिल्हा परिषदेला असतो, ग्रामपंचायतीला उपसरपंच असतो. अध्यक्ष वा सरपंच नसेल तेव्हा सभा आणि काम चालवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे येते. निवडणुकीत मात्र या जागांकडे नाराजाची समजूत घालण्याचं पद म्हणून पाहिलं जातं. वाटाघाटीत उरलेली जागा म्हणून कोणाच्या तरी पदरात टाकलेल्या माणसाकडे एखाद्या सकाळी गावचा शिक्का येतो. पाणीपुरवठ्याचं देयक, मजुरांचे पगार, वनहक्काच्या दाव्यावरचा ठराव यांतलं काहीही त्याच्या सहीवाचून पुढे सरकत नाही. म्हणून दुसऱ्या क्रमांकाचा माणूस निवडताना त्याला पहिल्या क्रमांकाच्या कसोटीवरच घासून घ्यावं, मग निवडणारे खासदार असोत, नगरसेवक असोत की ग्रामपंचायतीचे सदस्य.